प्रोस्टेट कॅन्सर: ऑपरेशन, रेडिएशन की नुसती नजर ठेवायची?

मे २०२५ मध्ये बातमी आली की अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झालाय, ग्लीसन स्कोअर ९, आणि तो हाडांपर्यंत पोचलाय. त्या दिवसापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साठीच्या पुढचे सगळे काका-मामा एकमेकांना पीएसए नावाच्या रक्ततपासणीच्या ऑफर फॉरवर्ड करायला लागले, आणि त्यातल्या निम्म्यांना ग्लीसन म्हणजे काय, ९ म्हणजे चांगलं की वाईट, हेच माहीत नव्हतं. मलाही आधी नव्हतं. माझ्या सख्ख्या मामांना हा आजार निघाला तेव्हा दोन महिने मी फाइल घेऊन त्यांच्यासोबत फिरलो, आणि तेव्हा कळलं की ह्या आजारात "काय झालंय" यापेक्षा "आता काय करायचं" हा प्रश्न जास्त अवघड असतो. कारण बऱ्याचदा एकच उपचार बरोबर नसतो, दोन-तीन असतात आणि त्यातला एक निवडायचा असतो. निवडायचा कोणी, तर ज्याला झालाय त्याने. आपल्याकडे नेमकं तेच होत नाही.

मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं हे आधी माहीत असतं तर आमचे ते दोन महिने बरेच सोपे गेले असते, म्हणून जे समजलं ते लिहून काढतोय.

## आधी प्रोस्टेट ही ग्रंथी कुठे असते ते बघू

लघवीच्या पिशवीच्या बरोबर खाली, अक्रोडाएवढी. लघवीची नळी तिच्या मधून जाते, मण्यातून दोरा ओवावा तशी. वीर्यातला काही द्रव तयार करणं हे तिचं काम. वय वाढलं की ती फुगते, मग धार बारीक होते, रात्री चार-चार वेळा उठावं लागतं, आणि हे बहुतेक पुरुषांत साध्या वाढीमुळे होतं, कॅन्सरमुळे नाही. ह्या साध्या वाढीसाठी जे "दुर्बिणीचं ऑपरेशन" करतात त्यात ग्रंथीचा मधला भाग खरवडून रस्ता मोकळा करतात, बाकीची ग्रंथी तिथेच राहते. कॅन्सरचं ऑपरेशन पूर्ण वेगळं, त्यात अख्खी ग्रंथी काढतात आणि पिशवी आणि नळी परत एकमेकांना जोडतात. त्यामुळे शेजारचे कोणी आजोबा येऊन "अहो माझंही प्रोस्टेटचं झालंय, तीन दिवसांत घरी आलो" म्हणाले तर आधी विचारा, नक्की कुठलं झालं होतं.

आता शेजार लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे. ग्रंथीच्या खालच्या टोकाशी लघवी रोखून धरणारा स्नायू. दोन्ही बाजूंना चिकटून बारीक नसा, ज्यांच्यामुळे पुरुषाला ताठरता येते. मागे संडासाची शेवटची आतडी. म्हणजे ह्या ग्रंथीला काहीही करायला गेलं तरी शेजाऱ्यांपैकी कोणाला तरी धक्का लागतोच, कोणाला लागेल आणि किती, हे उपचारावर ठरतं.

## पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच का?

नाही. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रोटीन, त्यातलं थोडं रक्तात उतरतं. रिपोर्टवर साधारण ४ पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, पण ग्रंथी नुसती फुगली, इन्फेक्शन झालं, लघवीची नळी घातली तरी आकडा वाढतो. आणि उलटंही आहे, ग्रंथी लहान करायची जी गोळी असते, फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड, ती काही महिने घेतली की पीएसए साधारण अर्धा दिसतो, म्हणजे रिपोर्टवर ३ असेल तर तो खरा ६ समजावा लागतो. ही गोळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगायचं राहून जातं कारण घरात ती "लघवीची गोळी" म्हणून ओळखली जाते आणि कोणी विचारतही नाही.

पीएसए वाढलेला दिसला की आता आधी एमआरआय करतात आणि त्यात संशयाची जागा दिसली तर तिथून सुईने तुकडे घेतात, ती बायोप्सी. कॅन्सर आहे की नाही हे बायोप्सीच सांगते.

## ग्लीसन: दहापैकी सहा म्हणजे साठ टक्के नाही

मामांचा मोठा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, बायोप्सीचा रिपोर्ट बघून म्हणाला, "दहापैकी सात म्हणजे सत्तर टक्के पसरलाय रे." घरात रडारड झाली. तो आकडा टक्केवारी नाहीच मुळी.

डोनाल्ड ग्लीसन नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात ही पद्धत काढली. कांद्याचा वाफा डोळ्यासमोर आणा. रोपं ओळीत लावलेली असली की लांबूनही कळतं, आणि रान माजलं की ओळ, सरी काहीच दिसत नाही. प्रोस्टेटच्या पेशीही अशाच नीट मांडणीत असतात. कॅन्सरमध्ये ती मांडणी बिघडते, आणि ती किती बिघडली याला ३, ४ किंवा ५ असा नंबर देतात. बायोप्सीत सगळ्यात जास्त दिसणारा नमुना पहिला, दुसरा त्यानंतरचा, आणि दोघांची बेरीज म्हणजे स्कोअर. म्हणजे आज रिपोर्टवर येणारा सगळ्यात कमी स्कोअर ३+३, सहा. सहा म्हणजे सगळ्यात सौम्य! आणि सातमध्येही फरक आहे, ३+४ मध्ये सौम्य भाग जास्त, ४+३ मध्ये माजलेला भाग जास्त, बेरीज तीच पण गोष्ट वेगळी. मामांचं ३+४ होतं. बायडन यांचं ९, म्हणजे अगदी वरच्या टोकाचं.

मग पीएसए, ग्लीसन आणि गाठ ग्रंथीच्या आत आहे की बाहेर पडली आहे, हे तिन्ही मिळून धोका ठरतो. पीएसए १० च्या खाली, ग्लीसन ६ आणि गाठ छोटी असेल तर कमी धोका. पीएसए २० च्या वर किंवा ग्लीसन ८ किंवा त्याहून जास्त किंवा गाठ कवचाबाहेर, यातलं एक जरी असलं तरी जास्त धोका. उरलेले मधले. डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारायचा, "आमचा धोका कुठल्या गटातला?" कारण पुढची सगळी चर्चा त्या उत्तरावर फिरते.

## "कॅन्सर आहे आणि काहीच करायचं नाही?"

कमी धोक्याच्या रुग्णाला डॉक्टर म्हणतात, आत्ता काही करू नका, नजर ठेवू. घरच्यांना वाटतं, वय झालं म्हणून सोडून दिलं. तसं नाहीये.

घराच्या भिंतीला बारीक तडा गेला तर जाणता माणूस लगेच भिंत पाडत नाही, तड्याच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहून ठेवतो. सहा महिन्यांनी तडा खुणेच्या पुढे गेला तर कामाला लागायचं, नाही गेला तर भिंत अजून वीस वर्षं उभी राहते. इथे पेन्सिल म्हणजे दर तीन ते सहा महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय, आणि साधारण वर्षाने परत बायोप्सी. प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर इतके सावकाश वाढतात की सत्तरी-ऐंशीत दुसऱ्याच कारणाने गेलेल्या कित्येक पुरुषांच्या पोस्टमॉर्टेममध्ये प्रोस्टेटचा छोटा कॅन्सर सापडतो, ज्याचा त्यांना जन्मभर पत्ताही नव्हता.

आणि हे नुसतं समजुतीचं बोलणं नाही. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाची मोठी चाचणी झाली. ५० ते ६९ वयाच्या, कॅन्सर ग्रंथीपुरताच असलेल्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं, एका गटावर नजर ठेवली, एकाचं ऑपरेशन केलं, एकाला रेडिएशन दिलं. साधारण १५ वर्षांनी, २०२३ मध्ये निकाल छापून आला. प्रोस्टेट कॅन्सरने दगावले ते नजर ठेवलेल्या गटात ३.१ टक्के, ऑपरेशनमध्ये २.२ टक्के, रेडिएशनमध्ये २.९ टक्के, आणि हा फरक इतका थोडा की तिन्ही सारखेच धरले. त्याच काळात कुठल्याही कारणाने गेलेले जवळजवळ २२ टक्के होते, म्हणजे ह्या माणसांना हार्ट आणि इतर आजारांचाच धोका कितीतरी जास्त होता.

पण पूर्ण सांगायचं तर, नजर ठेवलेल्यांत कॅन्सर दूर पसरल्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, बाकी दोन गटांत ५ च्या आसपास, म्हणजे दुप्पट. आणि १५ वर्षांत त्या गटातल्या ६१ टक्के लोकांनी शेवटी ऑपरेशन किंवा रेडिएशन करून घेतलंच. म्हणजे कित्येकांचा उपचार पुढे गेला, आणि साधारण चौघांतला एक १५ वर्षांनीही काही न करता जिवंत होता.

मला इथे एक आपल्याकडची अडचण दिसते. नजर ठेवायची तर ठेवता आली पाहिजे. ज्या गावातून एमआरआयसाठी शंभर किलोमीटर जावं लागतं, जिथे मुलगा सुट्टी घेऊन आल्याशिवाय म्हातारा माणूस दवाखान्यात जात नाही, तिथे तारखा चुकतात, आणि तारखा चुकल्या की त्याला नजर ठेवणं म्हणता येत नाही. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

## "एकदाचं काढून टाकलेलं बरं ना?"

हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत पन्नास वेळा ऐकलं असेल. आपल्याला काढून टाकण्यात समाधान वाटतं, ते मी समजू शकतो, मलाही तसंच वाटत होतं. पहिल्या हॉस्पिटलमध्ये तर सांगितलं की पुढच्या आठवड्यात तारीख रिकामी आहे, ॲडव्हान्स भरा. रेडिएशनचं नावही कोणी काढलं नाही. मधल्या धोक्याच्या माणसाला चार-सहा आठवडे विचार करायला सहसा वेळ असतो, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला वेळ असतो, हे आम्हाला नंतर समजलं.

ऑपरेशनचे फायदे खरे आहेत. पूर्ण गाठ तपासायला मिळते म्हणून खरा ग्लीसन कळतो. नंतर पीएसए जवळजवळ शून्य व्हायलाच पाहिजे, त्यामुळे काही उरलं असेल तर लगेच दिसतं. आणि उरलं तर वरून रेडिएशन देता येतं. उलट क्रम अवघड आहे, आधी रेडिएशन दिलं की खाली लागलेला भात भांड्याला चिकटतो तसे आतले भाग एकमेकांना चिकटतात आणि मग ऑपरेशन करायला फार थोडे सर्जन तयार होतात. वय पन्नाशीचं, तब्येत ठणठणीत, पुढे पंचवीस-तीस वर्षं जगायचंय, अशा माणसाने ऑपरेशनचा विचार जास्त गंभीरपणे करावा असं मला वाटतं.

आता किंमत, पैशातली नाही, दुसरी. ऑपरेशननंतर आठवडा-दहा दिवस लघवीची नळी आणि पिशवी. नळी काढल्यावर बऱ्याच जणांची लघवी सुरुवातीला थांबत नाही, खोकलं, शिंकलं, खुर्चीवरून उठलं की गळते. प्रोटेक्टमध्ये सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांपैकी ४६ टक्के पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. रेडिएशनवाल्यांत सहा वर्षांनी ४ टक्के. ताठरतेचं बघा, सुरुवातीला ६७ टक्के लोकांना संबंधासाठी पुरेशी ताठरता होती, सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांत १२ टक्के, रेडिएशनवाल्यांत २२, नजर ठेवलेल्यांत ५२. सहा वर्षांनी अनुक्रमे १७, २७ आणि ३०. शेवटचा आकडा परत वाचा, काहीच न केलेल्यांचंही वयाने कमी होतंच (आणि त्यातल्या काहींनी मधे उपचारही घेतले).

## "रोबोटने केलं तर काही होणार नाही ना?"

रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, सर्जनच करतो, तो शेजारच्या कन्सोलवर बसून यंत्राचे हात हलवतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रोबोट आणि उघडं ऑपरेशन यांची सरळ तुलना झाली, रोबोटमध्ये रक्त कमी गेलं, हॉस्पिटलात कमी दिवस राहावं लागलं, पण दोन वर्षांनी लघवी आणि ताठरतेच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच होते. खाजगी हॉस्पिटलात रोबोटमुळे बिल बरंच वाढतं, त्यासाठी कोणी शेत गहाण टाकत असेल तर त्याने हे आधी ऐकावं. विचारायचं ते सर्जनला, "साहेब, हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? तुमच्या पेशंटपैकी वर्षभराने किती जण पॅड वापरतात?" चांगला सर्जन ह्या प्रश्नाने चिडत नाही.

## रेडिएशन: पाणी पिऊन बसलेली माणसं

मामांसोबत रेडिएशनला जायचो तेव्हा वेटिंगमध्ये दहा-बारा पुरुष रांगेत बसलेले असायचे, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, आणि टेक्निशियन मुलगी दर थोड्या वेळाने बाहेर येऊन विचारायची, "काका, प्रेशर आलं का?" आधी मला काही कळेना. मग समजलं की लघवीची पिशवी भरलेली असली की ती किरणांच्या वाटेतून वर सरकते, आणि संडास साफ झालेली असली की ग्रंथी रोज त्याच जागी राहते. म्हणून रोज लघवी करून यायचं, मग ठरलेलं पाणी प्यायचं, ठरलेला वेळ थांबायचं. एखाद्याचा गॅस अडकला तर त्याला टेबलावरून उठवून परत बाहेर पाठवायचे. आत गेल्यावर काही दुखत नाही, भाजत नाही, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर.

पूर्वी सात-साडेसात आठवडे रोज जावं लागायचं. ब्रिटनमध्येच २०१६ मध्ये दिसलं की ३७ वेळा देण्याऐवजी २० वेळाच, पण दर वेळी थोडा जास्त डोस दिला तरी निकाल तितकाच चांगला. आता निवडक लोकांना पाच वेळातही देतात. बाहेरगावाहून येऊन मुंबई-पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्यांसाठी ३७ आणि २० मधला फरक म्हणजे जवळजवळ महिन्याचं भाडं आणि जेवण, त्यामुळे "किती वेळा यावं लागेल" हे विचारायचंच.

रेडिएशनचा त्रास कुठे, तर मागच्या शेजाऱ्याला, आतडीला. संडासची घाई होणं, कधी रक्त पडणं. प्रोटेक्टमध्ये बारा वर्षांनी १२ टक्के लोकांना संडास गळण्याचा त्रास होता, बाकी गटांत ६ टक्के. हे ऑपरेशनसारखं पहिल्या दिवशी दिसत नाही, वर्षांनी दिसतं, म्हणून सांगताना त्याचा उल्लेख राहून जातो. शिवाय मधल्या आणि जास्त धोक्यात सोबत हार्मोनची इंजेक्शनं लागतात, मधल्यात साधारण सहा महिने, जास्त धोक्यात दीड ते तीन वर्षं. पुरुषी हार्मोन हे ह्या कॅन्सरचं खत, ते तोडायचं. त्याने अंगातून गरम वाफा येतात, थकवा येतो, हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढू शकते.

## जास्त धोका असेल किंवा पसरला असेल तर

वरचे सारखे निघालेले आकडे मुख्यतः कमी आणि मधल्या धोक्याचे आहेत, ते ग्लीसन ८-९ वाल्याने स्वतःला लावू नयेत. तिथे नजर ठेवण्याचा पर्याय सहसा नसतो आणि एका उपचारावर भागत नाही, रेडिएशन अधिक हार्मोन किंवा ऑपरेशन आणि लागलं तर वरून रेडिएशन. आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अशा २२४ रुग्णांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. नुसत्या प्रोस्टेटला रेडिएशन देण्यापेक्षा आजूबाजूच्या लसीका गाठींनाही (लिम्फ नोड, जिथे कॅन्सर पसरू शकतो) दिलं तर पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न चढलेले ८१ ऐवजी ९५ टक्के निघाले, जगण्याच्या प्रमाणात तोपर्यंत फरक दिसला नव्हता.

हाडांपर्यंत गेला असेल तर तो पूर्ण बरा होणं कठीण, पण वर्षानुवर्षं ताब्यात राहू शकतो. मुख्य उपचार हार्मोन तोडणं. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवलं आणि त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते दोन पद्धतींनी होतं, महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर छोटं ऑपरेशन करून दोन्ही वृषणं काढणं. दुसरं एकदाच करायचं, स्वस्त, परत फेऱ्या नाहीत, म्हणून आपल्याकडे बरेच जण तेच घेतात. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते परत फिरवता येत नाही हे आधी सांगितलं गेलं पाहिजे, आणि ते घरच्यांना सांगून भागत नाही. आता सोबत अबिराटेरोनसारख्या, हार्मोन आणखी दाबणाऱ्या गोळ्याही देतात, त्यांची भारतीय कंपन्यांची औषधं मूळ ब्रँडपेक्षा खूप स्वस्त मिळतात.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि रेडिएशन आहेत, पण प्रत्येक तंत्र, प्रत्येक हॉस्पिटल बसतंच असं नाही, तेव्हा हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे आधी जा, ॲडव्हान्स भरायच्या आधी.

## "वय झालं, आता त्या गोष्टींचं काय?"

हे मला सगळ्यात जास्त टोचलं. घरच्या बैठकीत मुलं, सुना, जावई, मी, सगळे बोलत होतो आणि मामा कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. ताठरतेचा विषय तर कोणी काढलाच नाही, सुना समोर, कसा काढणार. लघवी गळण्याबद्दल मोठा मुलगा म्हणाला, "पॅड लावतील, त्यात काय एवढं." निर्णय झाल्यासारखाच होता.

दुसऱ्या मतासाठी गेलो तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं. मामा आणि मामी दोघंच आत. वीस-पंचवीस मिनिटं. नंतर मामांनी मला सांगितलं की बाईंनी आधी एकच विचारलं होतं, "काका, तुम्हाला कशाची काळजी वाटते?" आणि मामा म्हणाले, वारीची. तेवीस वर्षं आळंदीहून पायी जातात. दिंडीत चालताना पॅड कुठे बदलू, ओल्या धोतराने ज्ञानोबांच्या पालखीसमोर कसा उभा राहू, हे त्यांच्या डोक्यात होतं आणि आम्हा नऊ-दहा जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. संबंधांबद्दल मामी आणि ते काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, पण तो प्रश्नही त्यांना बंद दाराआड विचारला गेला होता.

त्यांचं वय ६६, पीएसए ११, ग्लीसन ३+४. ऑपरेशनही चाललं असतं, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. आतडीचा त्रास होऊ शकतो हेही सांगितलं. त्यांनी २० वेळा रेडिएशन आणि सहा महिने हार्मोन इंजेक्शन घेतलं. गरम वाफांनी ते फार हैराण झाले, रात्री दोनदा बनियन बदलायचे. त्या वर्षी वारी चुकली. पुढच्या वर्षी गेले, दिवे घाटात थांबत थांबत चढले, संडासची घाई होते म्हणून पहाटे लवकर उठून सगळं उरकून मग दिंडीत उभे राहायचे. रेडिएशननंतर पीएसए हळूहळू खाली येतो, वर्ष-दीड वर्ष लागतं, मधे थोडा वर उडतो तेव्हा घाबरायला होतं. मागच्या रिपोर्टला ०.४ होता. पुढचा कार्तिकी झाल्यावर काढायचाय, तारीख मामींनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवलीय.